मोटरला दोष देण्याआधी डबा आणा

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं की, गणपतीच्या देखाव्यातली रेल्वे रुळांवर ठेवली की घूं घूं करते आणि जागची हलत नाही, काय करावं? उत्तर छापलं होतं: मोटर गेली, इंजिन बदला. मालवणात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलेल्या मला हे उत्तर पटलं नाही. चतुर्थी तोंडावर आली की माळ्यावरून उतरवलेल्या अशा गाड्या माझ्याकडे येतात. ‘हूं हूं करता, पण हलणा नाय,’ एवढंच सांगणं. इंजिन तेवढं पिशवीत घालून आणतात, सप्लायचा डबा, म्हणजे घरातली वीज कमी करून रुळांना देणारा, तो घरीच. मी त्यांना परत पाठवतो, आधी डबा आणा म्हणून.

या गाड्या साधारण १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालतात. घरातली २३० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, ट्रान्सफॉर्मर खाली आणतो आणि चार डायोडचा ब्रिज तिला एका दिशेला वळवतो; डायोड वीज एकाच बाजूने जाऊ देतो. पण वळवली म्हणून ती सपाट होत नाही. ५० सायकलच्या विजेतून सेकंदाला १०० उंचवटे निघतात आणि दर दोन उंचवट्यांच्या मध्ये व्होल्टेज शून्याला टेकतं. मोटरचा जोरही तितक्याच वेळा चढतो-उतरतो. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, थरथरतं, आणि खालचं प्लायवुड तो आवाज घरभर पोचवतं. मधले खड्डे भरून काढायचं काम वीज साठवून सोडणाऱ्या कंडेन्सरचं. इंजिन ०.३ अँपिअर ओढत असेल, तर २२०० मायक्रोफॅरडचा (हे वीज साठवायचं माप) धड कंडेन्सर चढउतार दीड व्होल्टच्या आत ठेवतो. तोच सुकून ४७० इतका उरला की चढउतार सहा व्होल्टच्या वर जातो. आतलं रसायन वर्षानुवर्षं सुकत असतं. वर आमची खारी, दमट हवा. तारा जोडणारे शिशाचे टाके हिरवे पडतात ते वेगळंच.

तेव्हा पहिली परीक्षा फुकटातली. सप्लायच्या तारा रुळांवरून काढा आणि रेडिओची ९ व्होल्टची बॅटरी लावा. बॅटरीची डीसी सपाट असते. गाडी गुपचूप चालली, तर मोटर निर्दोष आणि दोष डब्यात. बॅटरीवरही अडली, तर मोटर सोडा, आधी चाकं आणि रूळ पुसा, गिअरमधलं घट्ट झालेलं जुनं तेल काढा. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गाडीचं बहुतेक वेळा एवढंच दुखणं असतं.

डबा उघडायचा तो प्लग काढून, आणि मुलांच्या हातून तर नाहीच. आत २३० व्होल्ट येतात. कंडेन्सरचं डोकं फुगलंय का बघा, पण फुगलेला नाही म्हणजे चांगला असं समजू नका. आवाज नेहमीपेक्षा जाड, खालच्या सुरातला असेल, तर ब्रिजमधला एखादा डायोड तुटलेला असू शकतो. मग १०० ऐवजी ५० चेच उंचवटे उरतात. मीटरच्या डायोड रेंजवर चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि उलट बाजूने काहीच नाही. मात्र बाजारातल्या स्वस्त मीटरने एसी रेंजवर चढउतार मोजू नये. त्यातले काही साध्या बॅटरीवरही तिच्या दुप्पट ‘एसी’ दाखवतात.

काही डब्यांत कंडेन्सर मुळात नसतोच. ते जन्मापासून गुणगुणतात, आणि त्यात वाईट काही नाही. थरथरीमुळे जुनी जड मोटर सावकाश, न अडखळता सुटते. जुन्या परदेशी कंट्रोलरवर त्यासाठी ‘अर्धी लहर’ (म्हणजे ५० चेच उंचवटे) असं वेगळं बटणच असायचं. नवीन कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेल्या मोटरला मात्र ही थरथर सोसत नाही, ती तापते. कंडेन्सर नव्याने घालणार असाल तर १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर तो साडेपंधरा व्होल्टपर्यंत भरतो हे धरून चाला. म्हणून तो ३५ व्होल्टचा घ्यावा आणि पुढे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा एलएम३१७ सारखा रेग्युलेटर बसवावा, नाहीतर गाडी वळणावरून उडेल. आणि जागा ब्रिजच्या लगेच पुढे, मागे-पुढे करायच्या स्विचच्या अलीकडे. रुळांवर लावलेला कंडेन्सर गाडी मागे घेतली की उलटा होतो आणि फुटतो. ऑनलाइन मिळणाऱ्या पल्सवाल्या, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या आउटपुटवरही कंडेन्सर टाकू नये, त्याचा ट्रान्झिस्टर जाईल. चालू-बंद होताना येणारी त्याची शिट्टी बंद करायची तर २० हजार सायकलच्या वर चालणारा कंट्रोलर घ्यावा. तो सूर माणसाच्या कानाला लागत नाही.

एक प्रश्न त्या सदरात कोणी विचारलाच नाही: लाइट गेल्यावरच गाडी गुणगुणते का? भाद्रपदात आमच्याकडे लाइट जाते, मग अर्धा देखावा इन्व्हर्टरवर. जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल, तर पंखासुद्धा घूं घूं करतो, तिथे ट्रान्सफॉर्मर कसा गप्प बसेल? अशा वेळी दुरुस्ती काहीच नाही, लाइट येईपर्यंत थांबायचं.

एवढं लिहायचं कारण, देखाव्यात कोकण रेल्वे करणारी घरं आमच्याकडे अजून आहेत. गावातल्या एका पोराने यंदा पानवलचा पूल करायला घेतलाय. खरा पूल ६४ मीटर उंच. १:८७ च्या प्रमाणात तो पाऊण मीटरच्या जरा आतच बसतो, म्हणजे मखराला अडचण नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र त्याच हिशेबाने पंचाहत्तर मीटर होतो, आणि तो पार विहिरीपर्यंत जाईल म्हणून त्याने सोडून दिला. असा पोरगा तुमचं उत्तर वाचून बापाकडे नवं इंजिन मागणार, आणि त्या इंजिनाच्या पैशात कंडेन्सरांची अख्खी पिशवी येते. तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्त उत्तर छापावं ही विनंती. छापणार असाल तर चतुर्थीच्या आधी छापा. आदल्या दिवशी सगळी दुकानं लाइटच्या माळा विकण्यात गुंतलेली असतात, कंडेन्सर कोणी शोधून देत नाही.

– एक दुरुस्तीवाला, मालवण