एसीच्या आधी गच्चीकडे बघा

महोदय,

नातीच्या शाळेत नुकतीच पालकसभा झाली. वर्गांना एसी बसवणार, त्यासाठी फी वाढणार. बहुतेक पालकांनी माना डोलावल्या. माझी नोकरी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

नातीचा वर्ग थेट स्लॅबखाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा गच्ची जास्त तापते. ती उष्णता स्लॅबमधून खाली उतरते आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. गच्चीवर पांढरे चायना मोझॅक (चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) घातले, तर बरेचसे ऊन वरच्या वर परतते. तेवढे पैसे नसतील तर चुना मारा. पावसात धुऊन जातो, पण दरवर्षी मारला तरी एसीच्या वीजबिलापुढे तो खर्च किरकोळच.

दुसरे दुखणे खिडक्यांचे. दोन तावदानांची सरकती अॅल्युमिनियम खिडकी कितीही उघडा, अर्धीच उघडते. जुन्या झडपांच्या खिडक्या सताड उघडत आणि समोर व्हरांड्याकडच्या दारावर झरोका असे. इथे तो नाहीच. खाडीवरून येणारा वारा आत शिरला तरी बाहेर पडणार कुठून? शाळेची दर्शनी बाजू पश्चिमेची, तिला छज्जा नाही आणि वरपासून खालपर्यंत काच! (ऐरोलीत आयटी पार्क आहे म्हणून शाळाही तशीच दिसायला हवी?) उजेडासाठी म्हणून लावलेल्या त्या काचेला दुपारी पडदे ओढलेले असतात आणि आत ट्यूबलाइट चालू.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. बंद वर्गात मुलांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मुले पेंगतात. याबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

सौर पॅनेल जरूर बसवा. शाळेला वीज लागते ती दिवसाच, शिवाय स्लॅबवर सावली पडते. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पण तापलेला वर्ग तसाच ठेवून ती वीज एसीत घालवू नका.

एसीच्या कोटेशनबरोबर गच्ची पांढरी करण्याचे आणि खिडक्या बदलण्याचेही कोटेशन मागवावे, असा अर्ज मी शाळेला दिला आहे. इतर शाळांच्या पालकांनीही एवढे करावे. आणि महापालिकेने नव्या शाळांचे नकाशे मंजूर करताना छज्जे आणि झरोके आहेत का, तेवढे पाहावे.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन, ऐरोली, नवी मुंबई