शब्द भरपूर देतो, पण भलतेच देतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका पालकांचं पत्र आलं होतं, की इंग्रजीचा धडा वाचायच्या आधी मुलांना अवघड शब्दांचे अर्थ पुरेसे देत नाहीत म्हणून त्यांना धडा कळत नाही. तळमळ पोचली. पण मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही शब्द भरपूर देतो हो, पण भलतेच देतो.

माझीच फजिती सांगते. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट होती, पानभर, साधारण ३०० शब्दांची. पाठ टाचणात नव्या शब्दांचा रकाना असतो, तो भरायचा म्हणून मी उताऱ्यातले सगळ्यात लांबलचक आणि विचित्र दिसणारे १८ शब्द काढले, फळ्यावर लिहिले, पोरांनी वहीत उतरवले, त्यात पंचवीस मिनिटं गेली. कॉर्मोरंट म्हणजे पाणकावळा, हे तर मी चित्र काढून सांगितलं (त्याचं बदक झालं तो भाग वेगळा). मग घाईघाईत वाचन. शेवटी विचारलं, वादळ आल्यावर म्हाताऱ्याने काय केलं? निम्मा वर्ग म्हणाला, बोटीत बसून निघून गेला. गोष्टीत होतं 'ही रिफ्यूज्ड टु लीव्ह', म्हणजे जायला त्याने नकार दिला. लीव्ह सगळ्यांना येत होतं, आणि रिफ्यूज्ड माझ्या यादीत नव्हता, कारण तो मला अवघड वाटलाच नव्हता. अख्खी गोष्ट त्या एका शब्दावर उभी होती. पाणकावळा बिचारा एका ओळीत खडकावर बसतो आणि उडून जातो, तो काळा होता की निळा याने काहीच बिघडत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी मनात गोष्ट दोन वाक्यांत सांगून बघते आणि त्या दोन वाक्यांना कुठले शब्द लागतात ते पकडते. ते पहिले. मग बघते की आजूबाजूच्या ओळींवरून कुठल्या शब्दाचा अंदाज लागेल. गेल म्हणजे सोसाट्याचा वारा हे सांगायची काय गरज, पुढच्याच ओळीत छप्पर उडतंय आणि लाटा दारापर्यंत येतायत, काढतील की पोरं शोधून. तसे शब्द मुद्दाम सोडते, तो शोध म्हणजेच वाचन आहे, तो आधीच फळ्यावर उरकून टाकला तर वाचायला उरलं काय? एकदा तर मी ड्राउन्ड शब्द आधी शिकवून शेवटच सांगून टाकला होता, मागच्या बाकावरून लगेच आवाज, "बाई, म्हणजे मरतो का तो?"

खरा घोळ छोटे शब्द घालतात. हार्डली घ्या. मुलांना हार्ड येतं, म्हणून 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे त्याने खूप कष्ट केले, असा बरोबर उलटा अर्थ लागतो आणि मुलाला शंकासुद्धा येत नाही, कारण शब्द ओळखीचा वाटतो ना. अनलेस, पुट ऑफ, गिव्ह अप, सगळी हीच जमात. आणि मराठीत येऊन वेगळेच झालेले शब्द तर विचारू नका. 'शी मेड अ कॉपी ऑफ द लेटर' वाचलं की मुलांच्या डोळ्यासमोर परीक्षेतली कॉपी येते, आणि 'ही वॉज सिरियस' म्हणजे माणूस शेवटच्या घटका मोजतोय. हे शब्द कुठल्याही गाईडच्या शब्दार्थात नसतात.

तिसरं म्हणजे शब्द पुन्हा भेटणार आहे का. यासाठी याद्या आहेत आणि त्या कामाच्या आहेत. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची जनरल सर्व्हिस लिस्ट आहे, सुमारे २,००० नेहमीचे शब्द, आणि ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) काढली. ट्रेनिंगमध्ये मात्र इझाबेल बेक आणि सहकाऱ्यांनी केलेले शब्दांचे तीन थर सांगतात, पहिला रोजच्या बोलण्यातला, दुसरा पुस्तकी पण सगळीकडे भेटणारा, तिसरा त्या त्या विषयातला खास, आणि शिकवायचा जोर दुसऱ्यावर ठेवायचा. छान आहे, पण त्यात पहिला थर मूल बोलता बोलताच शिकून आलंय असं धरलेलं आहे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतच नाहीत त्याला तो पहिला थरसुद्धा वर्गातच मिळणार, हे ट्रेनिंगमध्ये कोणी बोलत नाही.

किती शब्द द्यायचे? मी पाच, फार तर सहा देते. हू आणि नेशन या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास आहे, मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला तिच्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं त्यात दिसलं. म्हणजे ३०० शब्दांच्या पानात अनोळखी सहाच चालतील. आता एखाद्या पानात तीस अनोळखी शब्द असतील तर मी फळा भरून लिहिलं तरी काय होणार, तिथे उताराच त्या मुलांसाठी चुकलाय, तो बदला नाहीतर सोपा करून द्या. पण उतारा बदलायची मुभा शिक्षकाला असतेच कुठे, म्हणून मग बिचारी यादी लांबत जाते.

सांगायचं कसं यावरही वाद घालतात. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून काढायचा नाही, असं मला एका तपासणीत ऐकवलं होतं. आता रिलक्टंट इंग्रजीतून समजावत बसले तर चार मिनिटं जातात आणि तरी चेहरे कोरेच राहतात, 'मनात नसताना' म्हटलं की झालं, मग उरलेली मिनिटं त्या शब्दाची दोन-तीन वाक्यं करायला मिळतात. बॉरो आणि लेंड मात्र एका दिवशी कधीच देत नाही. आपल्याकडे दोन्हीला उसनंच, घेणं आणि देणं बदललं की झालं, त्यामुळे एकत्र दिले की मुलं जन्मभर अदलाबदल करतात. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकवले की गोंधळतात, हे टिंकहॅम या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रयोग करून दाखवलंय, मला ते वर्गात मार खाऊन कळलं.

त्या पालकांना एक करून बघायला सांगेन. मुलीला धडा द्या, अर्थ अजिबात सांगू नका, पेन्सिलीने अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. मी ती दीपगृहाची गोष्ट पुढच्या वर्षीच्या वर्गाला अशीच दिली होती. कॉर्मोरंटखाली दोघा-तिघांचीच रेघ होती, बाकीच्यांनी कुठलातरी पक्षी असेल म्हणून पुढे वाचलं. सगळ्यात जास्त रेघा 'ही स्टेड, फॉर ही हॅड प्रॉमिस्ड' या वाक्यातल्या फॉरखाली होत्या. फॉर म्हणजे 'साठी' एवढंच मुलांना माहीत, इथे तो 'कारण' आहे. मी ती गोष्ट कितीतरी वेळा शिकवली होती, मला तो फॉर कधी दिसलाच नव्हता.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका