जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न दारात एका ओळीत उरकू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जनगणना २०२७ वर आपल्या पेपरात बरंच छापून येतंय, जातीचा रकाना, मोबाईल ॲप, घरबसल्या स्वतः माहिती भरायची सोय वगैरे, आणि ते यायलाच पाहिजे कारण २०११ नंतर या देशात माणसं मोजलीच गेलेली नाहीत. पण या सगळ्या चर्चेत अपंग माणसांच्या मोजणीबद्दल माझ्या तरी वाचनात काही आलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका आहे, २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलंय, त्यामुळे तो फॉर्म आणि तो प्रश्न दोन्ही माझ्या हाताखालून गेलेत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. आपल्या महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात १६ टक्के लोकांना, म्हणजे दर सहा माणसांत एकाला, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. आता व्याख्या वेगवेगळ्या आहेत हे मान्य, पण व्याख्येचा फरक धरला तरी आपला देश बाकी जगापेक्षा सातपट धडधाकट आहे असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? कुपोषण आपल्याकडे, रस्त्यावरचे अपघात आपल्याकडे, शेतात थ्रेशरमध्ये हात जाणारे आपल्याकडे, आणि अपंग मात्र पन्नासात एक. हे पटत नाही. लोक आहेत, ते आपल्या कागदावर येत नाहीत एवढंच.

का येत नाहीत ते दारात उभं राहिलं की कळतं. २०११ च्या फॉर्ममध्ये नऊ नंबरचा प्रश्न होता, ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का. हो किंवा नाही. हो असेल तर कोणत्या प्रकारचं त्याचा कोड. असा प्रश्न घरातल्या कर्त्या माणसाला दारात विचारला की उत्तर ठरलेलं, "नाही मॅडम, आमच्याकडे सगळे चांगले आहेत." एका घरी असंच उत्तर मिळालं आणि आत आजी भिंतीला हात लावत लावत मोरीकडे जाताना दिसल्या. मी म्हटलं आजींना दिसतं का, तर सूनबाई म्हणाल्या वयच झालं त्यांचं, आता कमी दिसणारच ना. आम्हाला सूचना होत्या की शंका असेल तर दहा फुटांवरून हाताची बोटं मोजायला सांगा. मी अंगणात तेवढ्या अंतरावर उभी राहिले, हात वर केला, तर आजी म्हणतात, "तू बाई आहेस का गडी तेच कळत नाही मला, बोटं कशाची मोजू." तेव्हा कुठे त्यांची नोंद झाली. त्या घरातल्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यांच्या मनात अपंग म्हणजे कुबडी किंवा व्हीलचेअर, म्हातारपणी डोळे जाणं त्यात बसतच नव्हतं.

दुसरा प्रकार मात्र लपवण्याचाच. लग्नाच्या वयाची मुलगी, कमी ऐकू येतं, आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणते लिहू नका हो ताई, स्थळं बघतोय आम्ही. त्या माउलीला मी दोष देणार नाही. पण २०११ चा आकडा बघा, अपंग पुरुष दीड कोटी आणि अपंग स्त्रिया १ कोटी १८ लाख. एवढी तफावत निसर्गाने केलेली नाही, यातल्या कितीतरी बायका आणि मुली अशाच बाजूला घेऊन सांगितलेल्या एका वाक्यात गायब झालेल्या असणार असं माझं ठाम मत आहे. खरं तर १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही वैयक्तिक माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणून सुद्धा मागता येत नाही, पण हे लोकांना कोणी नीट समजावून सांगत नाही आणि प्रगणकाला दिवसात इतकी घरं उरकायची असतात की त्याला सांगत बसायला वेळ नसतो.

यावर उपाय नवीन शोधायचा नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट तयार झाला, त्यांनी सहा साधे प्रश्न काढलेत. चष्मा लावून सुद्धा बघायला त्रास होतो का, मशीन लावून सुद्धा ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा एखाद्या कामात लक्ष द्यायला, आंघोळ कपडे स्वतःचं स्वतः करायला, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत दुसऱ्याशी बोलायला समजून घ्यायला. उत्तर हो-नाही असं नाही, चार पायऱ्या आहेत, अजिबात त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, करताच येत नाही. यात अपंग हा शब्दच कुठे येत नाही. त्या सुनेला मी "सासूबाईंना चष्मा लावून दिसायला किती त्रास होतो" असं विचारलं असतं तर तिने पहिल्याच झटक्यात "खूप" म्हणून सांगितलं असतं, अंगणात हात वर करून उभं राहायची वेळच आली नसती. मुलीच्या आईनेही कदाचित "थोडं कमी येतं" एवढं तरी सांगितलं असतं.

सहा प्रश्न गुणिले घरातली सगळी माणसं, वेळ लागतो, खर्च वाढतो असं सरकारी बाजूने म्हटलं जाईल. पण कितीतरी देशांनी आपापल्या जनगणनेत हे प्रश्न घातलेत. आणि आपण २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मंजुरीची सही केली आहे, त्यातलं ३१ वं कलम पूर्ण याच विषयावर आहे की धोरण आखता येईल अशी आकडेवारी देशाने गोळा करावी.

आपल्याकडे हा प्रश्न कायम उपऱ्यासारखा आलाय आणि गेलाय. इंग्रजांच्या काळात १८७२ पासून १९३१ पर्यंत विचारला जायचा, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन जनगणनांमध्ये नव्हता, १९८१ ला अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं म्हणून परत आला पण पूर्ण आंधळे, पूर्ण मुके, पूर्ण लुळे एवढेच मोजले, अख्ख्या देशात ११ लाखांच्या आसपास भरले. १९९१ ला पुन्हा काढला. २००१ ला आला तो अपंग हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी आणि अपंग चळवळीतल्या बाकी लोकांनी जोर लावला म्हणून. म्हणजे मोजून घ्यायला सुद्धा आंदोलन करावं लागलं. आणि अलीकडचं बघायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाचे प्रश्न होते, सहाव्या फेरीतून ते वगळले, तेव्हाही संघटनांनी ओरड केली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे सातऐवजी २१ प्रकार आले. ऑटिझम आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, ॲसिड हल्ल्यातले पीडित आहेत, आणि आमच्या विदर्भासाठी फार महत्त्वाचं म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. म्हणजे या २१ प्रकारांची देशभर घरोघरी मोजणी कधी झालेलीच नाही. २०११ ला "इतर कोणतेही" अशा रकान्यात ४९ लाख माणसं पडली होती. अपंगांमधला जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि त्यांना नेमकं काय आहे हे आपल्याला माहीत नाही. त्यांच्यासाठी कोणती योजना करणार, कोणती साधनं देणार, कोणता डॉक्टर कुठल्या तालुक्यात बसवणार?

काही जण म्हणतात की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे ना, एक कोटीच्या वर कार्डं वाटली, तोच डेटा वापरा. हे पटण्यासारखं वाटतं पण इथेच घोळ होतो. कार्ड मिळतं ते अर्ज करणाऱ्याला, जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घेणाऱ्याला. ज्याला पलंगावरून उठता येत नाही, ज्याच्यासोबत जायला माणूस नाही, ज्याची रोजी बुडते, तो त्या यादीत येत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ७६ व्या फेरीत दिसलं होतं की अपंग व्यक्तींपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे सर्टिफिकेट आहे. मग बाकीच्यांचं काय, ते नाहीतच असं धरायचं? सर्टिफिकेट हे हक्क मागायला लागतं, ४० टक्के अपंगत्वाची अट सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाला लागते, ठीक आहे. पण शाळेला रॅम्प किती हवेत, एसटी स्टँडवर काय सोय हवी, पूर आला तर कोणत्या घरातून कोणाला उचलून आणायचंय हे ठरवायला टक्केवारी आणि मेडिकल बोर्डाचा शिक्का लागत नाही, त्रास कोणाला होतो हे कळायला लागतं.

मोजल्यामुळे काय होतं याचं एक उदाहरण माझ्या क्षेत्रातलंच देते. २०११ च्या आकडेवारीतून कळलं की ५ ते १९ वयातल्या अपंग मुलांपैकी २७ टक्के मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत. शाळा सोडलेली वेगळी, ही पायरीच न चढलेली. हा आकडा होता म्हणून निदान त्यावर बोट ठेवता आलं. पण तो आकडा सुद्धा ज्यांची नोंद झाली त्यांच्यातलाच आहे, ज्या लेकरांना दारातच "नाही" म्हणून टाकलं त्यांचा हिशोब कुठेच नाही.

आणि पैशाचं बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. चांगला नियम आहे. आमच्या भागातल्या एका गावात मार्च महिना आला की धावपळ होते, गावात कोण कोण आहे, कोणाला काय लागतं याची धड यादी नाही, मग ज्यांच्याकडे कार्ड आहे त्या सगळ्यांना सरसकट एकच वस्तू वाटून मोकळे होतात, कानाच्या मशीनची गरज असणाऱ्यालाही तीच आणि पाय नसणाऱ्यालाही तीच. सरपंचाची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या हातात माहितीच नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तीवेतन योजनेतून महिन्याला ३०० रुपये मिळतात, ते सुद्धा ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर. अशा अटी कोणत्या आकड्यांवर ठरल्या आणि किती लोक त्यातून सुटले हे विचारायला सुद्धा हातात धड आकडा पाहिजे ना.

केरळने २०१५ च्या सुमारास राज्यापुरती वेगळी दिव्यांग गणना करून दाखवली. महाराष्ट्राने तर दिव्यांगांसाठी वेगळं मंत्रालय काढलं, मग त्या मंत्रालयाने केंद्राकडे हा विषय लावून धरायला नको का? माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, त्यात हो-नाहीच्या एका प्रश्नावर भागवू नये, त्रासाचे प्रश्न विचारावेत, शक्य तिथे त्या व्यक्तीला स्वतःला विचारावं, घरातल्या पुरुषाने तिच्या वतीने उत्तर देऊ नये. प्रगणकांच्या ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाला धावत धावत पाच मिनिटं देण्यापेक्षा एखादी कर्णबधिर व्यक्ती, एखाद्या मतिमंद मुलाचे पालक यांना समोर बसवून प्रश्न कसा विचारायचा ते दाखवावं, आम्हाला तेव्हा असं कोणी दाखवलं नव्हतं. स्वतः माहिती भरायचं पोर्टल आहे तर ते अंध माणसाला स्क्रीन रीडरवर चालतं का हे आधी तपासून घ्यावं. आणि आकडे आल्यावर ते दिल्लीच्या रिपोर्टमध्ये पडून न राहता गावनिहाय, लवकर, ग्रामपंचायतीच्या हातात पोचावेत, नावं नकोत, नुसती संख्या आणि प्रकार सुद्धा पुरेत.

आपल्या पेपरने जनगणना संचालनालयाला विचारून हे छापावं अशी विनंती आहे, की अपंगत्वाचा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दात विचारला जाणार आणि त्यासाठी प्रगणकांना किती वेळाचं ट्रेनिंग मिळणार. वाचकांनाही सांगणं आहे की प्रगणक आला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची, कमी ऐकणाऱ्या पोरीची, फिट येणाऱ्या मुलाची नोंद स्वतःहून सांगा, त्याने विचारलं नाही तरी सांगा, आणि लिहिलं का ते बघून घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. भंडारा