झाकिंथॉसच्या त्या अनोळखी माणसांना

ऑगस्टमध्ये आईला घेऊन ग्रीसच्या झाकिंथॉस बेटावर आठ दिवस राहून आलो. नावं विचारायची राहिली, म्हणून आभार इथेच मानते.

गेराकासचा किनारा रात्री माणसांना बंद असतो. ती वेळ समुद्री कासवांची. हा किनारा लगानासच्या आखातात; तिथे १९९९ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे इथे कर्णे नाहीत, दिव्यांचा झगमगाट नाही. लाटांची गाज तेवढी. सकाळी तिथल्या स्वयंसेवक मुलीने आईला हाताला धरून एका घरट्यापर्यंत नेलं. वर तीन काठ्या एकत्र बांधून ठेवलेल्या. तिथून पाण्यापर्यंत वाळूवर बारीक नक्षी उमटली होती, जणू कुणी कंगवा ओढत नेलाय. रात्रीच पिल्लं गेली होती! आमचं आजोळ वेळासकडचं. कासवांची अंडी जपणारी माणसं आईने तिथे पाहिलीत, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती नुसती त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरी, तुझे उपकार मोठे आहेत.

आणि ते आजोबा. आमची शेवटची बस चुकली, तेव्हा त्यांनी जुन्या पिकअपमधून आम्हाला थेट गावात सोडलं. पैसे घेतले नाहीत, उलट आईच्या ओंजळीत अंजीर ठेवले, उन्हाने कोमट झालेले.

आजोबा, एफ्खारिस्तो. आभाराचा तेवढा एक ग्रीक शब्द आईने पाठ केलाय.