सांदणला बॅच किती जणांची आणि दोर किती, ते आधी सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीवर पानभर लेख आला होता. फोटो एक नंबर होते, दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि वर आकाशाची बारीकशी पट्टी, बघून कोणालाही वाटेल की चला या शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडू. लेखात टेंट आले, काजवे आले, साम्रदमधलं चुलीवरचं पिठलं-भाकरी आलं, 'अनुभवी लीडरसोबत जा' असा सल्लाही आला. पण एका दोरावरून किती माणसं उतरणार हे कुठेच नव्हतं आणि माझ्या मते सांदणला जाताना विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.

म्हणजे कसंय, गडावर आधी चढायचं असतं, दम लागला, पाय दुखला तर माणूस अर्ध्यातून मागे फिरतो आणि खाली गावात येऊन चहा पीत बसतो. दरीत सगळं उलटं. साम्रद गाव वर आहे, तिथून आपण त्या भेगेत शिरतो, आधी पाण्याचे डोह लागतात, सीझन आणि आपली उंची बघून पाणी कुठे गुडघ्याला कुठे कमरेच्या वर, भर उन्हाळ्यातही गारेगार, मग गाडीएवढे धोंडे उतरत उतरत पुढे जायचं आणि जिथे वाट संपून कडा तुटतो तिथे दोर लागतो. पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा, त्याच्या पुढे छोटे टप्पे. बॅचमधला शेवटचा माणूस खाली आला की दोर खाली ओढून घेतात कारण पुढच्या टप्प्याला तोच लावायचा असतो, आणि एकदा दोर ओढला की मागची वाट बंद. मग एकतर खाली डेहणे गावात उतरून आसनगाव स्टेशन गाठा, नाहीतर करोली घाट चढून परत साम्रदला या. मोबाइलला रेंज नाही. इथे पाय मुरगळला तर झोळी करून माणसांनीच उचलून न्यायचं.

आता साधा हिशोब करू. एका माणसाला हार्नेस म्हणजे कमरेचा-मांड्यांचा पट्टा घालायचा, बकल तपासायचं, दोरावर उतरायचा वेग आवरणारा डिसेंडर अडकवायचा, कड्यावर गेल्यावर तो खाली बघून 'नको नको' म्हणतो त्याला धीर द्यायचा, तो उतरणार, खाली त्याला सोडवणार, खालून 'दोर मोकळा' अशी हाक येणार. सगळं सुरळीत झालं तरी पाच मिनिटं धरा. पन्नास माणसं आणि एक दोर म्हणजे अडीचशे मिनिटं, चार तासांच्या वर, आणि हा फक्त पहिला टप्पा. पहिला उतरलेला खाली उन्हात भाजत बसणार आणि शेवटचा वर ओल्या कपड्यात कुडकुडत. बरं या चार तासांत माणसं गप्प थोडीच बसतात, कोणी ब्लूटूथ स्पीकर लावतो, कोणी रील काढायला धोंड्यावर चढतो, आणि वर कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याची कोणाला पडलेली नसते.

माझी भाची अंधेरीतल्या ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेल्या मे महिन्यात अशाच एका ग्रुपबरोबर गेली होती, ग्रुपचं नाव देत नाही कारण मुद्दा एका ग्रुपचा नाहीच. दोन बस भरून माणसं, दरीच्या तोंडाशी प्रत्येकाच्या मनगटावर मार्करने नंबर लिहिला. ती म्हणाली, मामा माझा नंबर ४७ होता आणि मला वाटलं हा सेफ्टीचा नंबर असेल, तर तो लाइनीचा नंबर निघाला! दुपारी एकच्या सुमारास ती पहिल्या टप्प्यावर पोचली आणि तिचा पाय खाली टेकला तेव्हा अंधारायला लागलं होतं. पुढचं सगळं धोंड्यांवरून हेडटॉर्चच्या उजेडात, आणि हेडटॉर्च निम्म्या लोकांकडे नाहीच, मोबाइल दातात धरून चालले होते म्हणे. कॅम्पवर पोचेपर्यंत रात्रीचे दहा. कोणाला काही झालं नाही, सगळ्यांनी फाइव्ह स्टार रिव्ह्यू दिले. भाचीनेही दिला, त्यावरून आमचं भांडण झालं ते वेगळं.

तुलना केली की लोक म्हणतात अमेरिकेचं काय सांगता, तरी सांगतो कारण तिकडचा कॅनियनचा मुलूख मी पाहिलाय. मुलगी-जावई फिनिक्सला असतात, त्यांच्याबरोबर यूटा-अॅरिझोनाच्या सीमेवर पारिया कॅनियनमध्ये गाइड घेऊन गेलो होतो, पाठीवर सॅक आणि मुक्काम आतच. तिथे रात्रीच्या मुक्कामाला दिवसाला फक्त २० माणसांना परवाना मिळतो आणि एका ग्रुपात दहाच्या वर माणूस चालत नाही. आमची गाइड पन्नाशीची बाई, निघायच्या आधी प्रत्येकाची सॅक सामानाच्या हुकाच्या काट्याला लटकवून बघितली, जावयाच्या सॅकमधून दुसरी जीन्स आणि डिओड्रंटचा अख्खा कॅन बाहेर काढून गाडीत टाकला. आणि प्रत्येकाच्या हातात शौचाची पिशवी दिली, हो, जे काय होईल ते पिशवीत बांधून आपणच बाहेर आणायचं, तसा तिथला नियमच आहे. मुलीने नाक मुरडलं पण आणलं. (आपल्याकडे सांदणच्या तळाला कॅम्पच्या आसपास सकाळी झाडीत पाय ठेवायची सोय नसते, जे जाऊन आलेत त्यांना माहितीये.)

त्या गाइडकडून एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. डोक्यावर आभाळ निळंशार, ढगाचं नाव नाही, आणि ती बाई हवामान बघत होती ते उत्तरेला ब्राइस कॅनियनच्या बाजूचं, कारण पारियाचं पाणी तिकडून येतं. त्याच भागात पेज नावाच्या गावाजवळ अँटिलोप कॅनियन आहे, १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे ११ पर्यटक वाहून गेले, जिथे ते होते तिथे धड पाऊसही नव्हता, पाऊस झाला होता वरच्या अंगाला कित्येक मैल लांब. वाचला फक्त गाइड. ती जमीन नावाहो आदिवासींची, तिथे आता त्यांनी परवानगी दिलेल्या गाइडशिवाय कोणाला आत पाऊल टाकता येत नाही, पक्क्या बोल्ट केलेल्या शिड्या आणि पुराचा इशारा देणारी यंत्रणाही बसवली.

आता सांदणही ओढ्याचीच वाट आहे की. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही एवढं सगळ्यांना कळतं, पण काजव्यांचा सीझन नेमका मे अखेर ते जून, आणि कंपन्या 'काजवे प्लस सांदण' असं एकाच शनिवार-रविवारात बसवतात. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला होता, त्याच्या आधी वळवाच्या सरी होत्याच. अशा वेळी दुपारी शेजारच्या रतनगडाच्या बाजूला ढग दाटले आणि तुमची पन्नासची बॅच पहिल्या दोरावर अर्धी वर अर्धी खाली अशी अडकली असेल तर लीडर काय करणार? दहाची बॅच तासाभरात त्या टप्प्यावरून मोकळी होते. आकड्याला म्हणूनच मी इतकं धरून बसलोय, बाकीची इक्विपमेंट कितीही भारी असू द्या.

आणि लीडर म्हणजे तरी कोण हो? बऱ्याचदा कंपनीचा टीशर्ट घातलेला कॉलेजचा पोरगा, जो स्वतः दोन-चारदा आलेला असतो. प्रत्यक्षात डोहातून बायकामुलांना हात देणारी, कुठल्या धोंड्याला शेवाळ आहे हे न बघता सांगणारी आणि बहुतेक वेळा दोरसुद्धा लावणारी मुलं साम्रदची असतात, महादेव कोळी समाजाची, पायात साधी चप्पल. जाहिरातीत त्यांचं नाव नसतं आणि फीमधला त्यांचा वाटा किती हे तर विचारूच नका. लोक मला म्हणतात संख्या कमी केली तर गावाचं पोट मारलं जाईल. मला नाही पटत. पन्नास जणांमागे दोन पोरं घेण्याऐवजी दहा जणांमागे दोन घ्या, काम वाढेल की कमी होईल? माणशी चार-पाचशे रुपये जास्त पडतील, ते मुंबईकर एका पिझ्झ्यावर उडवतो.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असं त्यात आहे, चांगलंच आहे. पण कंपनीची नोंदणी बघून मला हे कळत नाही की शनिवारी दुपारी एक वाजता त्या ४५ फुटांच्या टप्प्यावर माझ्या पुढे किती जण असतील. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, प्रवेशाची पावती फाडली जाते, मग त्याच पावतीवर बॅचचा आकडा, दोर किती आणि गावातला गाइड कोण एवढं लिहायला काय हरकत आहे? दिवसाला किती माणसं सोडायची तो आकडा वनखात्याने गावकऱ्यांना आणि जुन्या गिर्यारोहण संस्थांना बरोबर घेऊन ठरवावा, मी इथे मुलुंडमध्ये बसून ठरवणार नाही.

तुमच्याकडून एवढंच की त्या लेखाच्या खालीच एका ट्रेकवाल्याची चौकटीतली जाहिरात होती, त्यात बसचा एसी, जेवणाचे मेन्यू, ड्रोन शूट सगळं होतं. पुढच्या वेळी अशी जाहिरात घेताना तुमच्या जाहिरात विभागाने बॅच किती जणांची आणि दोर किती, या दोन ओळी मागून घ्याव्यात. देत नसतील तर वाचकांनी फोन करून विचारावं, आणि समोरून 'टेन्शन नको सर, आपले लीडर एक्सपर्ट आहेत' असं उत्तर आलं तर दुसऱ्या नंबरला फोन लावावा.

आपला,
एक जुना भटक्या, मुलुंड (पूर्व)