खडकावरचं खत

तासगाव, जि. सांगली

प्रिय दोस्ता,

वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांचा, वेंगुर्ला रॉक्सचा, तू पाठवलेला फोटो मिळाला. होडीतून काढलास ना? बायको म्हणाली, चुना कुणी फासलाय एवढा! म्हटलं, सुरय या समुद्रपक्ष्यांची शीट आहे ती.

तेव्हापासून तोच विषय डोक्यात आहे. हे पक्षी मासळी खाणार समुद्रात आणि पोट रिकामं करणार बेटावर. म्हणजे समुद्रातलं नत्र-स्फुरद वाहून आणून उघड्या खडकावर टाकतात. आपल्याकडं खतासाठी रानात मेंढरं बसवायची तर धनगराला धान्य, पैसे द्यावे लागतात. तिथं सगळं फुकट.

आणि ते खत बंद झालं तर? अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर कातड्याच्या धंद्यासाठी लोकांनी कोल्हे नेऊन सोडले. त्यांनी अंडी-पिल्लं फस्त केली, पक्षी उठले. मग उंच गवताची कुरणं गेली आणि खुरटी झुडपं, शेवाळ आलं. 2005 साली संशोधकांनी हे मांडलं. कोल्हे न पोचलेल्या बेटांवर शीट साठ पटींहून जास्त पडत होती म्हणे. मला पटलं ते पुढचं. कोल्ह्यांच्या बेटावर त्यांनी खत टाकून पाहिलं, तर गवत पुन्हा वाढायला लागलं. शेतकऱ्याला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं, पण असो.

आता उलटी बाजू. आमच्या विहिरीवरच्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती आहे. बुंध्याशी गवताची काडी नाही, जमीन पांढरी पडलीय, वास तर विचारू नकोस. पण पावसाचं पाणी जिकडं वाहतं तिकडं दहा पावलांवर हराळी अशी माजलीय की विळा अडतो. गेल्या वर्षी तिथली पाटीभर शीट मी हौसेनं मेथीच्या वाफ्यात टाकली. चौथ्या दिवशी पानं करपली. आई अजून बोलते.

बेटांवरही तसंच. ऐन वस्तीत अतिरेकानं झाडोरा जळतो, कडेला फोफावतो. पफिनसारखे, बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी तर बिळं पोखरून जमीनच ढासळवतात.

मे महिन्यात येतो. होडीवाल्याला सांगून ठेव, पण खडकावर उतरायचं नाही, घरट्यांचे दिवस असतात. तुझ्या फोटोत डाव्या कपारीत काहीतरी हिरवं दिसतंय. मोठं करायला गेलो की फोटो फुटतो. ते काय आहे, लांबूनच बघू.

तुझा,
अण्णा