मामा गेल्यावर तुम्हां दोघांना लिहिलेलं पत्र

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मामा गेला त्या रात्री तुम्ही फोनवर विचारलंत, "मामाच्या डोळ्यांचं केलंत ना गं?" तुमचा आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज नीट येत होता. मला उत्तर देता येईना, एवढंच. तेराव्यापर्यंत तो विषय मी टाळला आणि मग पुण्याला निघून आले. आज लिहिते. समोर बसून बोलायला गेले असते तर "कशाला असलं काही बोलायचं" म्हणून तुम्ही दोघांनी मला मध्येच गप्प केलं असतं, म्हणून पत्र.

मामाचे डोळे दिले गेले नाहीत. ते कसं राहून गेलं ते तुम्हाला कळायला हवं, कारण तुम्ही तिथे नव्हता. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि तुम्ही मिरजेत वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत होतात, हे आई सारखं सांगत होती.

मामीचा फोन साडेचारला आला. चारच्या सुमाराला तिला जाग आली तेव्हा मामाचा हात गार लागला. आई आणि मी सव्वासहाला कोल्हापूरला मंगळवार पेठेत पोचलो. दहा वर्षं मामाला औषध देणारे डॉक्टर सातला आले. त्यांनी तपासलं आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून दिला. घरी गेलेल्या माणसासाठी तो ४-अ नमुन्यात असतो. तो मिळाला म्हणून पुढचं सगळं सरळ झालं. नेहमीचे डॉक्टर नसते तर तेवढ्या एका कागदासाठी किती दारं ठोठवावी लागली असती कोण जाणे. मामाची फाइल मामीने उशाशीच ठेवलेली होती, तिने बरोबर केलं.

मग तालमीची पोरं आली. बाबा, त्या पोरांना मी जन्मात विसरणार नाही. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. दोघं कळक आणायला गेले, एकाने मडकं, कापड, सुतळी, गुलाल आणला, एकाने शववाहिकेला फोन लावला, एकाने मांडवाच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. तासाभरात दारात तिरडी बांधायला घेतली. आणि माझ्याकडे काय आलं, तर फोन. दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "किती वाजता नेणार?" गडहिंग्लजहून येणारे म्हणत होते बारा वाजू देत, शेजारचे म्हणत होते ऊन व्हायच्या आत न्या. मामाचा मुलगा, दादा, कॅनडातून व्हिडिओवर नुसता रडत होता. त्याच्यासाठी थांबायचं तर दोन दिवस शीतपेटी आणावी लागली असती. मामी म्हणाली, "नको, त्यांना एवढं ताटकळत ठेवू नका." मी मेसेज लिहिला, अंत्ययात्रा दुपारी साडेबारा वाजता राहत्या घरापासून निघेल, रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी. मामाचं पूर्ण नाव लिहून पुढे "यांचे दुःखद निधन" टाइप करताना बोटं चालेनात.

या सगळ्यात डोळ्यांचा विषयच निघाला नाही. मामीला माहीत नव्हतं, त्यांच्या मुलीला, ताईला नव्हतं, मलाही नव्हतं.

सव्वाअकराला मामीने सांगितलं, त्यांच्या अंगावर ती सायीच्या रंगाची शाल घाला, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हा मिळालेली. मी कपाट उघडलं. शालीच्या घडीखाली प्लॅस्टिकच्या पाकिटात नेत्रदानाचं कार्ड होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, मामाचं ते तिरकं अक्षर, आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही, बाबा, शेवटच्या अक्षराला काढलेल्या लांब शेपटीसकट. मी कार्ड हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. मामा चारला गेला असं धरलं तरी सहा तास दहालाच संपले होते. वर पंखा भरभर फिरत होता. तो बंद करायला हवा होता, डोक्याखाली उशी द्यायला हवी होती, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायला हवा होता. एवढंच करायचं आणि नेत्रपेढीला फोन लावायचा, पुढचं तेच घरी येऊन करतात. अर्ध्या तासाचं काम होतं, बाबा.

मी ते कार्ड पुन्हा शालीखाली होतं तिथे ठेवलं. मामीला अजून सांगितलेलं नाही. तिला कसं आणि कधी सांगायचं ते तुम्हीच मला सांगा.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुम्हाला रात्री का होईना आठवलं, ते तुम्हालाच माहीत होतं म्हणून. चूक एवढीच की ते फक्त तुम्हाला आणि मामाला माहीत होतं. म्हणून तुमच्याबद्दल जे असेल ते मला माहीत हवं. आत्ता, तुम्ही दोघं चालते-बोलते असताना. मी एकटीच आहे तुम्हाला. त्या दिवशी माझ्याही दारात अशाच खुर्च्या मांडल्या जातील आणि दर दोन मिनिटांनी मला कोणीतरी काहीतरी विचारेल. तेव्हा "बाबांना असं हवं होतं" हे मला ठामपणे म्हणता यायला हवं.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, साखर आहे, आपले डोळे कोण घेणार. घेतात, बाबा. बुबुळ चांगलं असलं की झालं, मोतीबिंदू, चष्मा, साखर यांची आडकाठी नसते. आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजला देह द्यावा असंही तुम्ही मागे जेवताना बोलला होतात. आई ताटावरून उठून गेली होती आणि तो विषय तिथेच संपला. तुमच्या मनात अजून ते असेल तर फॉर्म भरू. पण नुसता फॉर्म भरून भागत नाही, त्या वेळी घरच्यांची संमती लागते. म्हणजे आईचीच. तेव्हा आधी तुम्ही तिच्याशी बोला. ती नको म्हणाली तर मी तिच्या बाजूने उभी राहीन, हेही आत्ताच सांगते.

आता आई, तुझ्याशी.

तू आत मामीजवळ बसली होतीस. तिरडी बांधून झाली, मामाला बाहेर घेतलं, आणि शेजारच्या एक आजी वाटीएवढा दगड घेऊन आल्या. मामीच्या हातात चैत्रातल्या हळदीकुंकवाला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. तिने हात पदराखाली ओढून घेतला. आजी म्हणाल्या, "रीत हाय बाई, करायला लागतंय." त्यांच्याही डोळ्यांना पाणी होतं. त्यांनाही कधीतरी कोणीतरी असंच सांगितलं असणार. मामीचा दुसरा हात तुझ्या हातात होता. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू खाली बघितलंस.

मी मध्ये पडेपर्यंत दोन फुटल्या होत्या. मामीच्या मनगटात काचेची कपची शिरली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवी. मी ती नखाने काढली. रक्ताचा एक थेंब आला आणि तिने तो पदराला पुसला, जसं स्वयंपाक करताना चटका बसला की पुसते तसं. मग हळूच म्हणाली, "राहिलेल्या राहू देत गं." तेवढं एकच वाक्य ती बोलली. पण कुंकू तोवर कोणीतरी पुसून टाकलं होतं.

त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडले होते. परतीच्या गाडीत तुझ्याशी बोलले नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की तुझा सख्खा भाऊ गेला होता. तुला तेव्हा काय सुचणार होतं? आणि तुझ्यासमोर तुझ्या आईच्या, माझ्या आजीच्या बांगड्या फुटल्या होत्या, तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, हे तूच मला सांगितलं आहेस. मी चिडायला नको होतं. मला माफ कर.

बाबा, हेरवाड आपल्यापासून काही लांब नाही, पलीकडच्या शिरोळ तालुक्यातलंच. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी तुम्ही मला फोनवर वाचून दाखवली होती, केवढ्या कौतुकाने! म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या अक्षरात एक कागद लिहून ठेवा, की माझ्यामागे हिच्या बांगड्यांना आणि कुंकवाला कोणी हात लावायचा नाही. मी सांगितलं तर लोक म्हणतील पोरगी पुण्यात राहते, तिला काय कळतंय. तुमचं अक्षर दाखवलं तर कोणी काही बोलणार नाही.

अग्नी ताईने दिला, हे तुम्हाला आईने सांगितलंच असेल. स्मशानात एक जण म्हणाले, पुतण्या आहे की, त्याच्या हातात मडकं द्या. तिरडी उठायच्या आधीच मामीने सांगून ठेवलं होतं, "पोरगीच देईल." तिचं सांगणं होतं म्हणून कोणाशी वाद घालावा लागला नाही. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. होळीला कोल्हापुरातले लोक होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, त्या दहनासाठी तिथे येतात. मामा दर होळीला हातगाडीवर शेणी घालून स्वतः नेऊन द्यायचा, ते ताईला आठवलं. ती रचलेल्या शेणींवरून हात फिरवत म्हणाली, "यातल्या काही बाबांनीच आणलेल्या असतील." मडक्याला भोक पाडताना तिचा हात थरथरत होता, मी मागून तिच्या कोपराला धरलं. तिन्ही फेऱ्यांत ती अडखळली नाही.

रक्षाविसर्जनाला नदीत काही सोडलं नाही. सावडून झाल्यावर रक्षा शेताच्या बांधावर नेली आणि तिथे जांभळाचं रोप लावलं. तुम्हाला कृष्णाघाट हवा की आणखी काही, तेही सांगा. दहावा-बारावा करायचा की नाही, केला तर किती माणसांचा, यात माझं काही मत नाही, तुमच्या दोघांचं जे ठरेल ते मी करीन. मामीने बाराव्याला घरचीच माणसं बोलावली आणि उरलेले पैसे तालमीला दिले, ते मला बरं वाटलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती ताईने केली. दाखल्याच्या बऱ्याच प्रती आधीच काढून ठेवल्या ते बरं झालं, बँक, पेन्शन, विमा, गॅस, सगळीकडे एकेक द्यावी लागते. मामीला मात्र मामाच्या पेन्शनचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, सापडेना, आठ दिवस घर उपसलं. शेवटी तो देवघरातल्या पोथीत निघाला. बाबा, तुमचा पीपीओ कुठे आहे ते आईला तरी माहीत आहे का? बँकेच्या खात्यांना वारस लावलाय का? आधार कार्डावर आणि पासबुकावर आईचं नाव वेगवेगळं आहे, एकात माहेरचं मधलं नाव आहे, ते मी मागच्या वेळी पाहिलं होतं. ते आधी सारखं करून घेऊ.

मी शनिवारी सकाळी येते. एक साधी शंभर पानी वही आणते. तुम्ही सांगा, मी लिहिते, खाली तुम्ही दोघांनी सह्या करा. आईने उठून जायचं नाही. तिला नको असलेलं काही असेल तर तेही त्याच वहीत लिहू. तुम्हाला कोणता सदरा घालायचा, कोणी रडायचं, कोणाला आधी कळवायचं, आईला कोणती साडी, भजन हवं की नको, जे मनात असेल ते. मला अर्धवट नको आहे.

कोल्हापुरातून मामीलाही घेऊन येते. ताईच्या घरी ती नुसती खिडकीपाशी बसून असते. त्या दिवशीच्या राहिलेल्या बांगड्या तिने अजून काढलेल्या नाहीत, पण एका हातात चार आणि एका हातात दोन अशा आहेत. आई, दुपारी ऊन उतरलं की आपण तिघी लक्ष्मी मार्केटात जाऊ. तिचं माप तुला ठाऊक आहे, पण कासाराकडे तिलाच नेलेलं बरं, रंग तिच्या मनाचा घेऊ दे.

तुमची,
मनू